नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता: अर्ज कसा करायचा आणि पैसे येईपर्यंत घर कसं सांभाळायचं

पगारपत्रकावर 'ईएसआय' नावाने दर महिन्याला 0.75 टक्के कापले जात असतील, तर नोकरी गेल्यावर तुम्हाला ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, भत्ता मागता येतो. 18,000 पगारावर ही कपात 135 रुपये होते आणि मालक वरून 3.25 टक्के, म्हणजे 585 रुपये भरतो. बहुतेकांना त्यातून दवाखाना मिळतो एवढंच माहीत असतं. पण याच वर्गणीवर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' चालते. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ती जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी सरासरी रोजच्या मिळकतीच्या निम्मी रक्कम देते. योजना 1 जुलै 2018 ला प्रायोगिक म्हणून सुरू झाली, तेव्हा भत्ता 25 टक्के होता. 2020 मध्ये तो 50 टक्के झाला आणि 90 दिवस थांबण्याची अट 30 दिवसांवर आली. योजनेला ठरावीक मुदत असते आणि ती वेळोवेळी वाढवली जाते. म्हणून ब्रांच ऑफिसमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा: माझी नोकरी गेली त्या तारखेला योजना चालू होती का?

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. दाव्याचा निकाल तुमच्या अडचणीवर किंवा अर्जातल्या भाषेवर लागत नाही. तो तुमच्या आयपी नंबरखाली, म्हणजे दहा आकडी विमा क्रमांकाखाली, जमा असलेल्या नोंदींवर लागतो. अर्ज भरायला अर्धा तास पुरतो, नोंदी सरळ करायला कधी कधी महिना जातो. नोकरी गेल्यानंतरचे पहिले तीस दिवस त्या कामाचे आहेत.

तुम्ही पात्र आहात का

ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर हा एक वर्गणी काळ आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हा दुसरा. भत्त्यासाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमाकृत नोकरीत असावं लागतं. नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. त्याआधीच्या तीन काळांपैकी कोणत्याही एका काळातही 78 दिवस हवेत.

समजा नोकरी 12 डिसेंबर 2025 ला गेली. लगेच आधीचा पूर्ण काळ एप्रिल ते सप्टेंबर 2025, तिथे 78 दिवस हवेतच. उरलेले तीन काळ म्हणजे ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025, एप्रिल ते सप्टेंबर 2024 आणि ऑक्टोबर 2023 ते मार्च 2024. या तिघांपैकी एकात 78 दिवस असले की झालं. स्वतःची तारीख धरून ही मांडणी कागदावर करा. पुढे खिडकीवर 'तुमचे दिवस कमी आहेत' असं सांगितलं गेलं, तर कोणत्या काळातले आणि किती, हे तुम्हाला विचारता येईल.

गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे काढून टाकलं असेल, वयोमानानुसार किंवा स्वेच्छेने निवृत्ती घेतली असेल, मालकाने केलेली टाळेबंदी (लॉकआउट) असेल किंवा बेकायदा ठरलेला संप असेल, तर भत्ता मिळत नाही. दोन ठिकाणी ईएसआय कापलं जात होतं आणि एकच नोकरी गेली असेल, तरी तुम्ही बेरोजगार धरले जात नाही. आणि हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो.

राजीनाम्याबद्दल थोडं थांबून वाचा. कामगार कपात करताना बऱ्याच ठिकाणी 'राजीनामा लिहून द्या, म्हणजे हिशेब लगेच करतो' असं सांगतात. घाबरून सही करू नका, नाहीतर नोकरी तुम्हीच सोडली असं कागदावर दिसेल. हिशेब हा राजीनाम्याच्या बदल्यात मिळणारी मेहेरबानी नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काढून टाकलं, कामगार कपात केली, राजीनामा दिला किंवा कारखाना बंद पडला, तरी थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. काम नाही म्हणून काढत असतील तर पत्रात तेच लिहून मागा. पत्र देत नसतील तर त्याच दिवशी एचआरला ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहा: 'आज अमुक तारखेला काम नसल्याचं सांगून मला येऊ नका असं सांगण्यात आलं.' तेवढा लेखी पुरावाही पुढे उपयोगी पडतो.

हातात किती येईल

मागच्या चार वर्गणी काळांतली एकूण मिळकत घ्यायची, तिला 730 ने भागायचं आणि आलेल्या आकड्याचा निम्मा धरायचा. दोन वर्षं सलग 18,000 पगार असेल तर मिळकत 4,32,000. भागिले 730 म्हणजे रोजचे 591.78 रुपये, त्याचे निम्मे 295.89. नव्वद दिवसांचे साधारण 26,630 रुपये.

भागाकार नेहमी 730 नेच होतो, तुम्ही किती दिवस कामावर होतात ते त्यात धरत नाहीत. त्या दोन वर्षांत चार महिने बिनपगारी गेले असतील तर मिळकत 3,60,000 होते आणि नव्वद दिवसांचा भत्ता सुमारे 22,192 वर येतो. ओव्हरटाइमवरही वर्गणी कापली गेली असेल, तर तो मिळकतीत दिसायला हवा. दिसत नसेल तर मालकाने कमी पगार दाखवला आहे आणि तुमचा भत्ताही त्याच मापाने कमी झाला आहे.

कारखाना कायमचा बंद पडला असेल किंवा कामगार कपातीत तुम्हाला कायदेशीरपणे काढलं असेल, तर अर्ज करण्याआधी ब्रांच ऑफिसमध्ये 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना' विचारा. ती 2005 पासून आहे आणि तिचा लाभ 24 महिन्यांपर्यंत मिळू शकतो: पहिले 12 महिने सरासरी रोजंदारीच्या 50 टक्के, नंतरचे 12 महिने 25 टक्के. तिच्यासाठी दोन वर्षांची वर्गणी लागते. दोन्ही भत्ते एकाच वेळी घेता येत नाहीत. कारखाना बंद पडलेल्या माणसाने माहिती नसल्यामुळे फक्त नव्वद दिवसांवर समाधान मानू नये.

पहिले तीस दिवस: नोंदी सरळ करा

ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा. ओटीपी येतच नसेल तर बहुधा तुमच्या नावापुढे एचआरचा किंवा कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. नोंदणी करताना घाईत स्वतःचाच नंबर टाकणारे सुपरवायझर पुष्कळ आहेत. आधार कार्ड घेऊन ब्रांच ऑफिसला जा आणि नंबर बदलून घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं काही होणार नाही.

लॉगिन झालं की वर्गणीचा तक्ता उघडा. प्रत्येक महिन्यापुढे कामाचे दिवस, दाखवलेला पगार आणि जमा वर्गणी दिसते. शेजारी तुमची पगारपत्रकं ठेवा आणि महिना महिना पडताळून पाहा. मालकाने एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे शेवटचा महिना लगेच दिसला नाही तर पंधरा तारखेनंतर पुन्हा पाहा. पगारातून कपात झाली आहे पण तक्त्यात तो महिनाच नाही, असं असेल तर पगारपत्रकाची प्रत जोडून ब्रांच ऑफिसला लेखी तक्रार द्या. कापलेली रक्कम न भरणं हा मालकाचा दोष आहे आणि ती वसूल करण्याचे अधिकार ईएसआयसीला आहेत. पण ते आपणहून होत नाही, कुणीतरी कागद पुढे करावा लागतो.

मग नोकरी सुटल्याची नोंद पाहा. दावे सगळ्यात जास्त अडतात ते इथे. माणूस कामावरून गेला की मालक मासिक वर्गणी भरताना त्याच्या नावापुढे शून्य दिवस, कामाचा शेवटचा दिवस आणि कारणाचा आकडा टाकतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 3 म्हणजे निवृत्त, 4 म्हणजे पगार वाढल्याने योजनेबाहेर, 9 म्हणजे संप किंवा टाळेबंदी, 10 म्हणजे कामगार कपात, 11 म्हणजे काम नाही. अकाउंट्समधला माणूस दोनशे नावं एका एक्सेलमध्ये भरत असतो आणि सवयीने सगळ्यांपुढे 0 किंवा 1 टाकून मोकळा होतो. 0 म्हणजे कारण नाही आणि 1 म्हणजे रजेवर. कागदोपत्री तुम्ही अजून त्याच कंपनीत रजेवर आहात, मग बेरोजगार कसे? म्हणून एचआरला नेमकं सांगा: 'माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख आणि कारण कामगार कपात असं ईएसआयच्या मासिक भरण्यात टाका.' चुकून 3 किंवा 9 पडला असेल तर तो सुधारायला लावा, नाहीतर दावा निवृत्ती किंवा टाळेबंदीच्या कारणावरून परत येईल.

कंत्राटी कामगारांची अडचण आणखी वेगळी असते. दर कंत्राटाला ठेकेदार बदलतो, माणूस त्याच गेटमधून त्याच मशीनवर जातो, पण नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवा आयपी नंबर काढतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत विचारा, दोन-तीन नंबर असलेले लोक भेटतील. वर्गणी भरलेली असते, पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. शेवटच्या नंबरवर दोन वर्षं दिसत नाहीत आणि दावा अपात्र ठरतो. तुमचे सगळे जुने नंबर शोधा: जुनी पगारपत्रकं, ईएसआयसीचं ई-पहचान पत्र, दवाखान्याचा केसपेपर, कुठेतरी लिहिलेला सापडतोच. मग सगळे नंबर, प्रत्येक ठेकेदाराचं नाव, काम केल्याच्या तारखा आणि आधारची प्रत जोडून ब्रांच ऑफिसला 'हे सर्व क्रमांक माझेच असून नोंदी एकत्र धराव्यात' असा अर्ज द्या. दावा भरण्याच्या आधी हे करा. दावा नाकारल्यावर हेच काम दुप्पट वेळ घेतं.

नाव जुळणं हाही आपल्याकडे नेहमीचा घोळ. आधारवर 'सुनीता रमेश पवार', ईएसआयसीत 'पवार सुनीता आर.', बँकेत माहेरचं आडनाव. आधी आधार आणि बँक एक करा, मग त्या नावाने ईएसआयसीची नोंद दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत लागते. जन्मतारीखही पाहून ठेवा, शाळेच्या दाखल्यावरची एक आणि आधारवर '1 जानेवारी' असा प्रकार फार ठिकाणी दिसतो.

बँकेच्या खात्याचं दोन मिनिटांचं काम आहे, पण तेच विसरलं जातं. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरात आणि आंध्रा व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाल्या. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड आता चालत नाही. बँकेत जाऊन नवा कोड छापून घ्या. खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. शंभर रुपये भरून, केवायसी देऊन ते आधी चालू करा.

अर्ज

नोकरी गेल्यापासून तीस दिवस उलटले की भत्ता देय होतो. दावा नोकरी गेल्याच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. पुढे येणाऱ्या दिवसांचा दावा आगाऊ करता येत नाही, त्यामुळे अर्जात लिहिलेले दिवस उलटून गेलेले असले पाहिजेत.

विमाधारकाच्या लॉगिनमध्ये योजनेच्या नावाचा पर्याय उघडा, बेरोजगारीचा काळ भरा, आधार आणि बँकेचा तपशील तपासा आणि दोन्हींच्या स्वच्छ स्कॅन प्रती जोडा. पासबुकाच्या पहिल्या पानावर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी ठळक वाचता यायला हवेत. मोबाइलने फोटो काढताना पानावर प्लॅस्टिकची चकाकी पडते आणि नेमका खाते क्रमांकच पांढरा होतो. फोटो उजेडात, पान सपाट ठेवून काढा. आता हा दावा जुन्या मालकाकडून पुढे पाठवून घ्यावा लागत नाही, मालकाची सही मिळत नाही म्हणून कुणी अडून राहू नये. पूर्वी लागणारं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्रही नोव्हेंबर 2020 पासून लागत नाही. कार्यालयाबाहेर कुणी स्टॅम्प पेपर आणि फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नका. अर्ज पूर्णपणे फुकट आहे.

कागद अपलोड होत नसतील तर भरलेल्या दाव्याची प्रिंट काढून, सही करून, आधार आणि पासबुकाची प्रत जोडून तुमच्या ब्रांच ऑफिसमध्ये नेऊन द्या. दोन संच न्या. एक त्यांना, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. त्या शिक्क्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे 'अर्ज आलाच नाही' असं कुणी म्हणालं, तर तेवढा एक जांभळा शिक्का तुमच्या बाजूने बोलतो.

थांबण्याचा काळ

दावा बिनचूक असेल तर साधारण पंधरा दिवसांत रक्कम खात्यात यावी असा नियम आहे. पंधरा दिवस गेले की ब्रांच ऑफिसला जाऊन आवक क्रमांक सांगून विचारा. तिथे उत्तर मिळालं नाही तर 1800-11-2526 या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ईएसआयसीच्या कार्यालयांत दर महिन्याला 'सुविधा समागम' भरतो, तिथे अधिकारी समोर बसून अडकलेली प्रकरणं ऐकतात. त्याच्या वरची पायरी विभागीय कार्यालयाची, म्हणजे मुंबईत लोअर परळ, पुण्यात बिबवेवाडी, गोव्यात पणजीच्या पाटोवरचं पंचदीप भवन. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरही लिहिता येतं. तिथे भावना कमी आणि तारखा जास्त लिहा: नोकरी कधी गेली, अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, शेवटचं उत्तर काय मिळालं.

हा काळ घरातल्या बाईमाणसांवर सगळ्यात जड जातो, कारण चूल रोज पेटायची असते. म्हणून पैसे कुठून, कोणत्या क्रमाने येणार, हे घरात बसून एकदा मोकळेपणी बोला. पहिला थकलेला पगार आणि रजेचे पैसे. पाच वर्षं पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटी: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. ती तीस दिवसांत द्यायची असते. मग ईएसआयसीचा भत्ता आणि सगळ्यात शेवटी पीएफ. पीएफच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, पण लागेल तेवढीच काढा. पाच वर्षांपेक्षा कमी नोकरीत 50,000 किंवा जास्त काढले तर टीडीएस कापला जातो, मात्र मालकाचा धंदाच बंद पडल्याने नोकरी गेली असेल तर ती रक्कम करपात्र धरत नाहीत. पेन्शनचे पैसे शक्यतो काढू नका, त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे आधीची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती यूएएन पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता.

दवाखाना बंद झाला असं समजून खासगीत जाऊ नका. एप्रिल ते सप्टेंबर या काळात 78 दिवस भरले असतील तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे नोकरी गेली तरी बीपी-शुगरच्या गोळ्या, मुलांचं आजारपण, बाळंतपण हे ईएसआयसीत चालू राहू शकतं. लॉगिनमध्ये तुमची पात्रता कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं, ती तारीख घरात सगळ्यांना सांगून ठेवा. भत्ता चालू असलेल्या काळातही तुम्हाला आणि कुटुंबाला उपचार मिळतात.

कर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. हप्ता परत गेला की दंड लागतो, आणि नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग बोलणी अवघड होतात. काढून टाकल्याचं पत्र आणि ईएसआयसीच्या अर्जाची पोच दाखवून हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्या. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपपासून लांब राहा. गरजच पडली तर बचत गट, पतपेढी किंवा बँकेतलं सोनेतारण कर्ज त्यापेक्षा कितीतरी बरं.

मोबाइलवर 'महाराष्ट्र सरकारचा 5,000 रुपये बेरोजगारी भत्ता, नोंदणी शुल्क भरा' असे मेसेज फिरत असतात. त्या लिंकवर आधार आणि ओटीपी देऊ नका. राज्याच्या महास्वयंम पोर्टलवर उमेदवार म्हणून नाव नोंदवणं मात्र चांगलं, तिथे रोजगार मेळावे आणि जागा कळतात.

थांबलेल्या काळात दुसरी नोकरी लागली तर लगेच घ्या आणि ईएसआयसीला कळवा, त्या दिवसापासून भत्ता थांबतो. लपवून दोन्ही घेणं गुन्हा आहे आणि नव्या मालकाने वर्गणी भरताच ते दिसतं.

दावा परत आला तर

'नामंजूर' एवढ्यावर परत फिरू नका. कारण लेखी मागा. दिवस कमी, नोकरी सुटल्याची नोंद नाही, नाव जुळत नाही, खातं चुकलं: बहुतेक कारणं या चारांतली असतात आणि चारही दुरुस्त होतात. दुरुस्तीचा कागद जोडून, आधीच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, एक वर्षाची मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज करा. पैसे आले तर पासबुकातली रक्कम वरच्या हिशेबाशी पडताळा. फरक असेल तर कोणत्या महिन्यांचा पगार किती धरला ते विचारा.

आणि नव्या कामावर पहिल्याच दिवशी, फॉर्म भरून घेणाऱ्या क्लार्कला तुमचा जुना आयपी नंबर स्वतःहून सांगा. त्याने नवा काढण्याआधी.